नक्षीची परीक्षा कोपऱ्यात : बेलापूरच्या अर्बन हाटमधील कापड, चित्रे आणि खरेदी

हस्तकलेची वस्तू हातात घेऊन, उलटून-पालटून पाहून आणि शक्य तर ती घडवणाऱ्या माणसाशी चार शब्द बोलून विकत घ्यायची असेल, तर ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात सिडकोने बेलापूर येथे उभारलेल्या अर्बन हाटइतकी सोयीची जागा मला दुसरी आढळलेली नाही. ठाण्याहून पनवेल लोकलने बेलापूर गाठावे, स्थानकाबाहेर रिक्षा करावी आणि शक्यतो दुपारच्या उजेडात पोहोचावे, कारण रंग आणि नक्षी दिव्याखाली पाहण्याच्या गोष्टी नव्हेत. राज्याराज्यांतील कारागीर येथे पाळीपाळीने येत असल्यामुळे एका प्रदर्शनातला गाळा पुढच्या प्रदर्शनात भेटेलच असे नाही. म्हणून मी येथे एकेका गाळ्याला गुण देत बसणार नाही. या हाटात ठसेछपाईचे कापड, हातमागाच्या साड्या, वारली चित्रे आणि बांधणीचे दुपट्टे एकाच फेरीत पाहायला मिळतात, आणि त्या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे नक्षी. ती चांगली केव्हा म्हणावी, आणि तिच्यासाठी जास्तीचे पैसे केव्हा मोजावेत, एवढ्याच प्रश्नाचा विचार या परीक्षणात केला आहे.

माझी कसोटी आधीच सांगते. नक्षी मधोमध कशीही छान दिसते. एकच बुट्टी शंभर वेळा ओळीने मांडली की डोळा आपोआप सुखावतो, आणि त्यात करणाऱ्याचे कौशल्य किती आणि निव्वळ पुनरावृत्तीचा परिणाम किती, हे सांगता येत नाही. खरी परीक्षा कोपऱ्यात होते. जिथे आडवा काठ उभ्या काठाला भेटतो, जिथे एक ठसा संपून दुसरा सुरू होतो, जिथे कापड संपत आलेले असते पण नक्षीची आकृती पुरी झालेली नसते, तिथे करणाऱ्याला काहीतरी ठरवावे लागते, आणि त्याने काय ठरवले हे वस्तूवर कायमचे उमटून राहते. सराईत विक्रेता कापड उलगडताना मधला भाग दाखवतो. ग्राहकाने कोपरा मागावा.

या कसोटीवर या फेरीत सर्वांत वर ठरली ती कच्छच्या अजरखची एक डबल बेडची चादर. अजरख हे खत्री समाजाचे परंपरेचे ठसेछपाईचे काम. धमडका हे त्याचे जुने गाव, आणि २००१ च्या भूकंपानंतर अनेक कुटुंबांनी भुजजवळ वसवलेले अजरखपूर हे नवे. जागा बदलण्यामागे पाण्याचेही कारण होते. या छपाईत पाणी हा कच्चा माल असतो, आणि पाण्यातले लोह वाढले की रंग मळकट येतात. चादरीवरचे चार रंग म्हणजे पांढरा, काळा, लाल आणि निळा. यांतला पांढरा म्हणजे कोरे राखलेले कापडच. आधी कापड धुऊन हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. मग चुना आणि डिंक यांच्या मिश्रणाने पांढऱ्या रेषा छापतात, म्हणजे पुढचा कोणताही रंग त्या रेषांवर बसत नाही. लोखंडाचे भंगार आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून केलेल्या द्रावाने काळा छापतात, तुरटीने लालाची जागा राखतात, वर मातीचा लेप देऊन ती झाकतात आणि मग कापड निळीच्या हौदात सोडतात. लाल रंग अगदी शेवटी, मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिन या लाल रंगद्रव्याच्या उकळत्या पाण्यात, तुरटी लागलेल्या जागी उमटतो. छापताना कारागिराला अंतिम रंग दिसतच नसतात. पिवळट कापडावरच्या मळकट खुणांमध्ये त्याला पुरी झालेली चादर डोळ्यांपुढे ठेवावी लागते, आणि याच कारणाने अजरखची नक्षी इतकी काटेकोर भूमितीची झाली असावी असे मला वाटते. जिथे नजरेचा आधार अपुरा पडतो, तिथे ठशाच्या काटकोनावर विसंबावे लागते.

ही चादर मी गाळ्यातल्या बाकावर पसरवून घेतली आणि एका कोपऱ्यापासून पाहू लागले. मधल्या भागात चौरस ठशाची नक्षी आहे. एका ठशात पूर्ण आकृती नाही. चार ठसे एकमेकांना लागले की मधोमध तारा तयार होतो, आणि ताऱ्यांच्या मधल्या जागेत एक वेगळेच फूल उमलते, जे कोणत्याही एका लाकडावर कोरलेले नाही. लांबीच्या बाजूंना अरुंद काठ आहे आणि रुंदीच्या बाजूंना त्याहून रुंद. रुंद काठ सरळ टोकापर्यंत गेला आहे आणि अरुंद काठ त्याला येऊन थडकतो. कोपरा सोडवण्याची ही सर्वांत सोपी रीत. काही छापणारे कागदाची आड धरून दोन्ही काठ तिरप्या रेषेवर जुळवतात, आणि काहींकडे कोपऱ्यासाठी स्वतंत्र चौकोनी ठसा असतो. सोप्या रीतीतही एक अडचण असतेच : थडकणाऱ्या काठाचे पान अर्ध्यावर तुटता कामा नये. चादरीची लांबी ठशाच्या रुंदीच्या नेमक्या पटीत क्वचितच येते. येथे शेवटचे चार-पाच ठसे मी बोटांनी मोजत मागे गेले, तेव्हा लक्षात आले की छापणाऱ्याने त्यांच्यातले अंतर केसाकेसाने कमी करत आणले आहे, त्यामुळे शेवटचे पान काठाला टेकताना पूर्ण राहिले. दूरून हे कोणालाही दिसणार नाही. जवळून पाहिले की त्या माणसाने पाच ठसे आधीच पुढचा हिशोब केला होता, हे स्पष्ट कळते.

गाळ्यावरचे चाचा छपाई करणाऱ्या घरातलेच होते. मी सांध्यावर बोट ठेवल्यावर त्यांनी काही न बोलता एक जुना ठसा काढून हातात दिला. सागवानाचा, तेलाने काळा पडलेला, मागे पकड असलेला. गुजरातेतले पेथापूर हे गाव असे ठसे कोरण्यासाठी प्रसिद्ध आहे. ठशाच्या कडेला बारीक टोके असतात. मागच्या छापातल्या टोकावर पुढच्या छापाचे टोक बसवायचे आणि मुठीने वर ठोका द्यायचा. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा वेगळा, भरावाचा वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा. शिवाय अस्सल दुहेरी अजरखमध्ये कापड दोन्ही बाजूंनी छापतात, म्हणून उलट प्रतिमेचे ठसेही ठेवावे लागतात. आमची चादर एकेरी छपाईची निघाली, आणि हे त्यांनी न विचारता सांगितले. दुहेरीची किंमत जवळजवळ दुप्पट होती. एकेरी चादर अडीच-तीन हजारांच्या घरात मिळाली आणि ती मला रास्त वाटली.

याच्या उलट अनुभव ठाण्यातल्या एका गजबजलेल्या दुकानात आला होता. तिथे ‘हॅण्डब्लॉक’ अशी चिठ्ठी लावलेली, दिसायला अजरखसारखीच चादर जवळपास निम्म्या किमतीत दाखवली गेली. काळ्या रेषेच्या आत लाल रंग कुठेही तसूभर सरकलेला नव्हता, हे यंत्रछपाईचे पहिले लक्षण. काठाची नक्षी कोपऱ्यावर पानाच्या मधोमध कापली गेली होती, हे दुसरे. तिसरी खूण मोजपट्टीने कळते. दंडगोलाकार फिरत्या जाळीच्या यंत्रावर छापलेल्या कापडात नक्षी त्या दंडगोलाच्या परिघाइतक्या अंतराने पुन्हा येते, आणि बहुतेक प्रचलित यंत्रांचा परीघ ६४ सेंटिमीटर असतो. त्यामुळे एखाद्या पाकळीवर बारीकसा ठिपका चुकून उमटला असेल, तर ६४ सेंटिमीटरवर तोच ठिपका पुन्हा सापडतो. सापडला. चादर वाईट नव्हती. त्या पैशांत रोजच्या वापराला ती उत्तम टिकली असती. चिठ्ठी खोटी होती, आणि हाताने छापून पोट भरणाऱ्या माणसाचे नुकसान अशाच चिठ्ठीमुळे होते, म्हणून मला ती गोष्ट फार लागली. विक्रेत्याने चिठ्ठीविषयी उत्तर देण्याऐवजी सवलत देऊ केली.

यंत्राविषयी माझ्या मनात आकस नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. नायजेरियन वंशाचे ब्रिटिश कलावंत यिंका शोनिबारे आपल्या पुतळ्यांना जे भडक, मोठ्या नक्षीचे सुती कापड नेसवतात, त्याची कहाणी या बाबतीत विचार करायला लावणारी आहे. मेणाने नक्षी झाकून रंगवलेल्या जावाच्या बाटिक कापडाची नक्कल डच कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात यंत्रावर सुरू केली. यंत्रात मेणाच्या जागी वापरलेल्या राळेला भेगा पडत आणि कापडावर रंगाच्या शिरा उमटत. जावात ते दोष ठरले. पश्चिम आफ्रिकेत मात्र लोकांना त्या शिराच आवडल्या आणि ते कापड तिथलेच होऊन गेले, इतके की आज जग त्याला आफ्रिकी म्हणूनच ओळखते. म्हणजे यंत्राचीही स्वतःची खूण असते, आणि ती खूण न लपवता वापरली तर तिच्यातूनही अस्सल नक्षी घडते. हातकामाचा आव आणणारे यंत्रकाम मात्र दोन्हीकडून उणे पडते.

नक्षीचा गणिती हिशोब मला नेहमी विस्मयात टाकतो. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी अखंड पसरत जाणारी नक्षी रचण्याचे मूलभूत प्रकार फक्त १७ आहेत. रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये हे सिद्ध केले. काठासारख्या एकाच दिशेने जाणाऱ्या नक्षीचे प्रकार तर अवघे ७. सरकवणे, फिरवणे, आरशासारखे उलटवणे आणि उलटवून सरकवणे, या चार क्रियांपलीकडे कोणाकडेच काही नाही. पावलांच्या ठशांसारखी डावी-उजवी पाने वेलीवर एकाआड एक येतात, ती चौथी क्रिया. येवल्याच्या विणकराने, दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईने आणि कच्छच्या छापणाऱ्याने हे प्रकार कोणत्याही सिद्धांताच्या आधाराविना वापरले आहेत. साधने इतकी मोजकी असताना दोन गावांच्या नक्षी एकमेकींसारख्या का दिसत नाहीत, याचे उत्तर या गणितात मिळत नाही. ते ठशाच्या लाकडात, मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात आणि बांबूच्या काडीत मिळते.

हातमागाच्या गाळ्यावर मी थोडाच वेळ काढला, कारण निवड मर्यादित होती. पण विदर्भातल्या करवतकाठी साडीचा एक नमुना पाहण्यासारखा होता. या साडीत टसर रेशमाचे अंग आणि रंगीत काठ यांचे आडवे धागे वेगळे असतात. तीन धोटे चालवून ते एकमेकांत अडकवत जावे लागते, आणि त्या अडकवण्यातूनच करवतीच्या दातांसारखी किनार तयार होते. येथे सांधा हीच नक्षी आहे. दात वरून काढलेले नाहीत. काठ अंगाला जोडला, म्हणून ते आले. शेजारच्या गाळ्यावर तीच दातेरी किनार यंत्रमागावर विणलेली होती, आणि ती उलटून पाहिली तर मागे धागे लोंबत होते, म्हणजे दात केवळ वरची वेलबुट्टी म्हणून घातलेले होते. पैठणीच्या पदरालाही हीच परीक्षा लागू पडते. हाताने विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकृतीपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात गुंतून परत फिरतो. जाळीचे अस्तर लावून मागची बाजू झाकलेली पैठणी कोणी दाखवली, तर अस्तर उसवून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये.

आता वारलीविषयी, आणि या विषयावर मला थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण ही कला आपल्या घरची आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे सगळे ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. तरीही ठाण्यातल्या बहुतेक घरांत वारली पोहोचली आहे ती चहाच्या कपावर, लिफ्टच्या भिंतीवर आणि लग्नपत्रिकेच्या कडेला, म्हणजे केवळ किनार म्हणून. हात धरून नाचणाऱ्या माणसांची एक साखळी कापायची, ती लागेल तितकी ओढायची आणि जिथे जागा संपेल तिथे तोडायची, ही आज वारलीची बाजारी रीत झाली आहे. लग्नासाठी भिंतीवर काढल्या जाणाऱ्या मूळ लग्नचौकात किनारीचे स्थान वेगळे असते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या चिंबवलेल्या काडीने सवाशिणी तो लिहितात. मधोमध पालघट देवी असते आणि तिच्याभोवती चौकोनी पट्ट्यांच्या रांगा. या पट्ट्यांतल्या त्रिकोणांच्या, नागमोडी रेषांच्या आणि जाळ्यांच्या नक्षीने देवीसाठी जागा आखून घेतलेली असते, तिला घर दिलेले असते. त्यामुळे तिथे कोपरा तुटका ठेवून चालत नाही.

जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात हे लेखन लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले, तेव्हा त्यांनी किनार जवळजवळ सोडूनच दिली आणि नक्षी आत, दृश्यात नेली. २०११ मध्ये पद्मश्री मिळालेल्या आणि २०१८ मध्ये निवर्तलेल्या या चित्रकाराची मासेमारीच्या जाळ्याची किंवा मुंग्यांच्या वारुळाची चित्रे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली असतील, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. हजारो बारीक रेषांनी भरलेले जाळे दूरून एकसारखे दिसते, आणि जवळ गेले की एकही रेष दुसरीसारखी नसते. ती पुनरावृत्ती हाताच्या श्वासाने केलेली आहे. समकालीन कलेत नक्षीचा इतका स्वाभाविक आणि इतका मोठा उपयोग आपल्या तेव्हाच्या जिल्ह्यातल्या कळंबीपाड्यावर राहणाऱ्या माणसाने केला, याचा आपल्याला पुरेसा अभिमान आहे असे मला वाटत नाही.

हाटातल्या वारलीच्या गाळ्यावर दोन्ही प्रकारचा माल होता. पुढे ट्रे, किल्ल्यांचे स्टँड, पेन ठेवायचे डबे. मागे दोरीला टांगलेली सहा-सात कापडी चित्रे. पुढच्या मालाविषयी विशेष लिहावे असे काही नाही. मागचे एक चित्र मात्र मी बराच वेळ पाहत उभी राहिले. तारपा या वाद्याभोवती नाचणाऱ्यांचे चक्र नेहमीचेच होते, पण भोवतीच्या शेताची रोपे काढणाऱ्याने ओळींत न मांडता चक्राच्या वळणाने वळवली होती, आणि जिथे कापडाच्या कोपऱ्यात वळण मावत नव्हते तिथे रोपे लहान-लहान करत नेऊन बांधाच्या एका रेषेवर थांबवली होती. गाळ्यावर बसलेल्या ताईंना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की रोपे त्यांची आणि माणसे त्यांच्या यजमानांची. “कोपरा आदी भरायचा, मंग मदला,” एवढेच त्या म्हणाल्या. किंमत पंचवीसशे सांगितली. मी घासाघीस केली नाही. कोणी करू नये असेही मला वाटते, कारण त्या रोपांचे काम मोजायला बसले तर तेवढ्या पैशांत त्या सगळ्या दिवसांची मजुरीही धड पडत नाही.

नक्षीला कलेच्या बाजारात दुय्यम मानण्याची सवय जुनी आहे, आणि ती आपल्याकडेही बाहेरून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियन वास्तुकार अॅडॉल्फ लोस यांनी अलंकरणाला थेट गुन्ह्याच्या पंक्तीत बसवले आणि पुढची कित्येक दशके कोरी भिंत हेच सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. अमेरिकेत १९७० च्या दशकात मिरियम शापिरो, जॉयस कोझलॉफ, व्हॅलरी जॉडन आदी कलावंतांनी याविरुद्ध उभे राहून गोधड्या, फरश्या आणि पडद्यांच्या नक्षी सरळ कॅनव्हासवर आणल्या. अलंकरणाचा तिरस्कार करताना माणसे प्रत्यक्षात बायकांच्या आणि पाश्चात्त्य नसलेल्या लोकांच्या कामाचा तिरस्कार करत असतात, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मला पूर्णपणे पटतो. आपल्याकडे तो वेगळ्या वाटेने सुटला. स्वातंत्र्यानंतर सुरू झालेल्या विणकर सेवा केंद्रांमध्ये चित्रकारांना कापडाच्या नक्षीचे काम मिळाले. के. जी. सुब्रमण्यन मुंबईच्या केंद्रात होते. प्रभाकर बरवे यांनी वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या केंद्रात कित्येक वर्षे नोकरी केली. बरव्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शिंपला या वस्तू मोकळ्या जागेत जशा अंतर राखून असतात, ते अंतर मला नेहमी कापडावरच्या बुट्ट्यांमधल्या अंतराची आठवण करून देते. चित्रकार नसरीन मोहमदी यांच्या शाईच्या रेषांची तर बातच वेगळी. मागावर ताणलेल्या ताण्यासारख्या त्या रेषा मध्येच किंचित सरकतात, आणि त्या एका सरकण्यावर अख्खे चित्र तोललेले असते.

हे सारे येथे सांगण्याचे कारण हाटातला बांधणीचा गाळा. कच्छमध्ये वस्त्रकलेच्या अभ्यासक जूडी फ्रेटर यांनी २००५ मध्ये कारागिरांसाठी कला रक्षा विद्यालय सुरू केल्यापासून तिथल्या तरुण पिढीत रचनेचा विचार नव्या तऱ्हेने होऊ लागला आहे, आणि त्याचा प्रभाव त्या विद्यालयात न गेलेल्यांच्या कामातही दिसतो. या गाळ्यावरच्या रेशमी दुपट्ट्यांत दोन तट स्पष्ट होते. काहींमध्ये जुनी भरगच्च बांधणी मध्येच पुसून टाकून अर्धा दुपट्टा रिकामा सोडला होता. हे आज सगळीकडे दिसते. नक्षी मोडली की ती आधुनिक होते, अशी समजूत त्यामागे आहे. मला हे दुपट्टे निर्जीव वाटले, कारण नक्षी कुठे थांबावी याला त्यांत काही कारणच नव्हते. एका काळसर निळ्या दुपट्ट्यावर मात्र एका टोकाला ठिपके दाटीने बांधलेले होते, आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना प्रत्येक ओळीत ठिपक्यांमधले अंतर वाढत गेले होते. शेवटी एकेक ठिपका इतका दूर पडला की तो नक्षीचा भाग आहे हे आधीच्या ओळी पाहिल्याशिवाय कळू नये. गाठीने बांधून केलेल्या कामात अंतराचा असा चढता क्रम राखणे सोपे नाही. प्रत्येक गाठीसोबत कापड आक्रसते आणि आधीची मापे लटकी पडतात. रिकामी जागा येथेही होतीच, पण ती मोजून मिळवलेली होती. पाच हजारांवर किंमत असल्यामुळे तो मी घेतला नाही. ज्यांना परवडेल त्यांनी अवश्य घ्यावा.

गोधड्यांचा एक गाळा होता, त्याने मात्र निराशाच केली. नव्या कापडाचे त्रिकोण ठिगळ म्हणून जोडून वर यंत्राची शिलाई घातलेल्या रजयांना गोधडी म्हणणे जिवावर येते. आपल्याकडच्या बायका धाव टाके घालत कडेकडेने आत वळतात, त्या टाक्यांच्या चौकोनांतून जी नक्षी तयार होते, ती जुन्या लुगड्याच्या मऊपणाशिवाय येत नाही.

जाण्यापूर्वी कोणत्या राज्याचे वा कोणत्या कलेचे प्रदर्शन चालू आहे याची चौकशी करावी. पलंगाची मापे लिहून न्यावीत आणि मोजपट्टी जवळ ठेवावी. रोख रक्कमही थोडी बाळगावी. ठसेछपाईचे कापड घेताना उलट बाजू, चारही कोपरे आणि ठशांचे सांधे उजेडात पाहावेत. रेष आणि भराव यांच्यात कुठे कुठे पांढरी फट दिसणे हे हातकामाचे लक्षण आहे, त्यासाठी किंमत पाडून मागू नये. ओल्या पांढऱ्या रुमालाने निळा भाग घासून पाहावा. थोडी नीळ उतरणे स्वाभाविक आहे, पण रुमाल गडद झाला तर धुलाई नीट झालेली नाही असे समजावे. घरी आणल्यावर अजरखची चादर पहिल्या काही वेळा वेगळी, साध्या पाण्यात आणि सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी. काळा रंग लोखंडाचा असल्यामुळे लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर त्यावर सांडले तर तिथला काळा उडतो आणि तो परत येत नाही. जेवणाच्या टेबलावर अजरख अंथरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्याच लोखंडामुळे वर्षानुवर्षांच्या वापरानंतर कापड सर्वांत आधी काळ्या जागी विरते, तेव्हा घडी दर वेळी त्याच ओळीवर न घालता बदलत राहावी.